गटाने व्यवसाय उभारण्याच्या प्रोजेक्टमधून उद्योजकता खरंच शिकता येते का?

तुम्ही विचारलंय की बीबीएच्या शेवटच्या वर्षी पाच जणांनी मिळून नवा व्यवसाय उभारायचा आहे, तर त्यातून काही शिकायला मिळेल की नुसते मार्क?

शिकायला मिळेल, पण ओळखपाळख नसलेल्या माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे देऊन तुमची वस्तू घेतली तरच. मावशी-काकांनी घेतलेले डबे मी धरत नाही. फिनलंडमध्ये योहानेस पार्टानेन या शिक्षकाने 1993 मध्ये 'टीमिआकातेमिया' ही गटाने धंदा करत उद्योजकता शिकवणारी शाळा सुरू केली. तिथली मुलं मिळून सहकारी संस्था काढतात आणि खऱ्या गिऱ्हाइकांना बिलं देतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात उद्योजक स्टीव्ह ब्लँक यांच्या 2011 पासूनच्या 'लीन लाँचपॅड' या उद्योजकतेच्या अभ्यासक्रमात प्रत्येक गटाला दर आठवड्याला किमान दहा संभाव्य गिऱ्हाइकांशी वगैरे बोलून यावं लागतं. तुम्ही निदान हा आठवड्याला दहा जणांचा नियम उचलाच.

पण माझ्या मते खरं शिक्षण गटाच्या आतल्या हिशोबात आहे. मी कॉलेजच्या अशा गटांना मार्गदर्शन करतो. एका गटाने नाचणीच्या लाडवांची किंमत काढताना नाचणी, गूळ, तूप, डबा, रिक्षाभाडं सगळं धरलं. लाडू वळणाऱ्या दोघींचे तास मात्र कुणीच धरले नाहीत. ऑर्डरी वाढल्या तशा त्या दोघी थकल्या, चिडल्या, आणि बाकीच्यांना वाटलं की हा स्वभावाचा प्रश्न आहे. तो किमतीचा प्रश्न होता! तासांची मजुरी धरली तेव्हा कळलं की प्रत्येक डबा तोट्यात जात होता.

आणखी एक गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. नफ्यासाठी एकत्र धंदा करायचं तोंडी ठरलं तरी भागीदारी होऊ शकते. मग 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सगळ्यांत सारखा वाटला जातो आणि कामाचा वेगळा मोबदला कुणालाच मागता येत नाही. म्हणजे रात्रभर राबणारा आणि फक्त सादरीकरणाला येणारा, दोघांचा वाटा एकच.

म्हणून पहिली विक्री होण्याआधी एका कागदावर लिहा: कोण किती पैसे घालणार, तासाला किती धरायचे, मधेच कुणी सोडलं तर त्याला काय मिळणार. पाचही जणांच्या सह्या घ्या. या बैठकीत वाद होतील. ते होऊ द्या, पण कागद पूर्ण झाल्याशिवाय उठू नका.