जुन्या जिप्सीचा रेडिएटर बदलताना होज पाइपही बदलावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: गाडी २००४ ची जिप्सी, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, कॉम्प्युटर ठरवेल तेवढं पेट्रोल सोडणारी). सपाटीला तापमानाचा काटा मधोमध असतो, पण ताम्हिणी चढायला लागली की वर सरकतो. गॅरेजवाला म्हणतो रेडिएटर गेला, नवीन टाका. इंजिन आणि रेडिएटरमध्ये पाणी फिरवणारे रबरी होज पाइप मात्र 'बरे दिसतायत, राहू द्या'. त्याचं ऐकावं का, आणि हे काम घरी जमेल का?

थोडक्यात सांगायचं तर रेडिएटर खरोखरच गेलाय का, हे आधी बघा. गेला असेल तर होज पाइप सगळेच्या सगळे बदला, बोटाएवढे बारीकसुद्धा. आणि हो, घरी जमतं. पाने हातात धरायची सवय असेल तर एका रविवारचं काम आहे.

आता तुमच्या लक्षणाकडे या. गाडी फक्त घाटात तापते, हायवेला नाही, ही माहिती फार कामाची आहे. रेडिएटरचा कोर, म्हणजे मधली नळ्या-पत्र्यांची जाळी, आतून क्षारांनी बुजला असेल तर त्रास उलटा दिसतो: ऐंशी-नव्वदच्या वेगाने बराच वेळ चालवली की काटा चढतो, कारण इंजिन भरपूर उष्णता टाकत असतं आणि पाणी पुरेसं फिरत नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असतं आणि गाडी मात्र सावकाश चालते. समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून पहिला संशय पंख्याचा घ्या. जिप्सीचा पंखा इंजिनवरच बसलेला आणि सिलिकॉन ऑइल भरलेल्या कपलिंगवर चालणारा. इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. थोडा अडून फिरला पाहिजे. झोका दिल्यावर दोन-तीन फेऱ्या मोकळा गरगरला, किंवा कपलिंगवर तेलाचे ओघळ धुळीत माखलेले दिसले, तर रेडिएटरचे पैसे वाचले असं समजा.

दुसरं, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे ना? कितीतरी जुन्या जिप्सींमध्ये कुणीतरी ते 'अडचण होते' म्हणून काढून टाकलेलं असतं. ते नसलं की पंखा जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. तिसरं, जाळी. चिखलात, गवतात फिरणाऱ्या गाडीच्या पत्र्यांत काय काय अडकलेलं असतं ते समोरून दिसत नाही, एसी बसवलेला असेल तर त्याचा कंडेन्सर आड येतो. बागेच्या नळीने, इंजिनच्या बाजूकडून बाहेर असं धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारू नका, पत्र्या आडव्या होतात.

चौथं जरा भीतीदायक आहे, पण बघून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची टोपी काढा आणि गाडी सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतीलच. पण ते थांबेचनात, एकसारखे येत राहिले, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधल्या पॅकिंगची, शंका घ्या. ऑइलच्या टोपीखाली दुधाळ साय जमली असेल तर ती शंका आणखी पक्की. अशा गाडीला नवा रेडिएटर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

हे सगळं ठीक निघालं तर मग रेडिएटर. गाडी चांगली गरम करून बंद करा आणि जाळीवरून हात जपून फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बुजल्यात. बोटाने पत्र्या भुगा होऊन झडत असतील, खालच्या टाकीच्या सांध्यावर पांढरा-हिरवा थर असेल, तर वेळ झाली. गाडीवर जुना पितळी रेडिएटर असेल तर मी एकदम फेकायला सांगणार नाही. रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांतून सळ्या घालतो, म्हणजे रॉडिंग करतो, आणि कोर अगदीच गेला असेल तर तेवढा बदलून टाक्या परत झाळून देतो. अॅल्युमिनियमचा कोर आणि प्लास्टिकच्या टाक्या असतील तर हा मार्ग नाही, तडा गेला की नवाच. नवा घेताना जुना शेजारी ठेवून बघा: कोरची जाडी, होज ज्यांवर चढतात त्या दोन्ही नळकांड्यांचे व्यास आणि कोन, बोल्टची भोकं. पातळ कोरवाला स्वस्तात मिळतो आणि मे महिन्यात त्याची किंमत कळते.

आता होज पाइप. गॅरेजवाल्याचं 'बरे दिसतायत' इथेच मला पटत नाही, कारण होज बाहेरून खराब होतच नाही म्हणा ना. तो आतून, धातूच्या नळकांड्याजवळ, लांबीच्या दिशेने चिरत जातो. बाहेरचं रबर काळं कुळकुळीत राहतं. गार असताना क्लिपपासून दोन इंचांवर दोन बोटांत दाबा, मग मधोमध दाबा. टोकाशी लिबलिबीत आणि मध्ये कडक लागला, किंवा दाबताना आतून कुरकुर जाणवली, तर तो संपला. इंजिन ऑइल लागून फुगलेलाही संपलेलाच.

आणि नवा रेडिएटर घातल्यावर या जुन्या पाइपांवरचा ताण वाढतो. टोपीवर आकडा छापलेला असतो, बहुतेक ०.९. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.९ बार जास्त दाब झाल्याशिवाय ती सोडत नाही. या दाबामुळे नुसतं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. घाटात हे फार उपयोगाचं, कारण उंचीवर पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. महाबळेश्वरला उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशालाच उकळायला लागतं. तुमची आत्ताची यंत्रणा कुठूनतरी झिरपत असेल तर तो दाब धरतच नसेल. नवा रेडिएटर, नवी टोपी घातली की दाब पूर्ण धरला जातो आणि मग जो सगळ्यात कमजोर, तो फुटतो. माझ्या एका मित्राच्या जिप्सीत नेमकं हेच झालं. रेडिएटर नवा, वरचा-खालचा होज नवा, आणि वरंध घाटात फुटला तो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेला बारीक पाइप. हात जाईल अशी जागा नाही, आणि आसपास दुकान नाही.

म्हणून यादी करताना वरचा, खालचा, बायपास, थ्रॉटल बॉडीकडे जाणारे बारीक पाइप, हीटर असेल तर त्याचे दोन, आणि ओव्हरफ्लोच्या बाटलीची नळी, सगळं धरा. खालच्या होजकडे विशेष लक्ष द्या. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. मऊ पडला की जास्त आरपीएमला आत चिपकतो आणि पाणी अडतं. गाडी उभी करून बघायला जाल तेव्हा तो पुन्हा गोल झालेला असतो, त्यामुळे दोष सापडत नाही. जुन्या होजमध्ये स्प्रिंग असेल तर नव्यातही हवी. वरचा होज गाडी गार झाल्यावर चपटा होत असेल तर मात्र होजला दोष देऊ नका, टोपीतला छोटा व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

काढणं सोपं आहे. इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह सुटी, खाली घमेलं. खालचा ड्रेन प्लग जुना असेल तर त्याच्याशी झटापट नको, सरळ खालचा होज सोडा. कूलंट घमेल्यातच धरा आणि लगेच झाका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात. होज पक्कडीने पिळून ओढू नका, नळकांडं वाकतं. तसाही फेकायचाच आहे, ब्लेडने उभा चिरून सोला. कडं सोडून मागे पंख्यावर सरकवा, चार बोल्ट काढा, पुठ्ठा पंख्याच्या आणि जाळीच्या मध्ये घाला, रेडिएटर सरळ वर उचला. पुठ्ठा नवा बसवताना जास्त गरजेचा. पंख्याचं पातं नव्या जाळीला घासलं की किती वाईट वाटतं ते सांगायला नको.

नळकांड्यांवरचा पांढरा थर पॉलिश पेपरने हलकेच काढा. होज बसत नसेल तर टोकाला कूलंटच लावा. ग्रीस किंवा ऑइल नाही, रबर खातं. सिलिकॉन गमही नको. गमाशिवाय गळतंय म्हणजे नळकांडं खड्डे पडून गेलंय, तिकडे बघा. क्लिप नळकांड्याच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, आणि तिचा स्क्रू अशा बाजूला ठेवा की पुढे रस्त्यात स्क्रू ड्रायव्हर पोचेल. रबर क्लिपच्या फटींतून वर येईपर्यंत आवळायचं नसतं.

एवढं उघडलंच आहे तर थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे गाडी तापली की 'थर्मोस्टॅट काढून टाका' हा सल्ला फुकट मिळतो. कृपा करून ऐकू नका. तो नसला की इंजिन योग्य तापमानाला लवकर येतच नाही. एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटर सेन्सरकडे बघून 'अजून गार आहे' असं समजतो आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. तपासणं अगदी सोपं. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, ८२ असेल तर ८२ ला, तोंड किलकिलं व्हायला लागतं आणि पुढच्या दहा-बारा अंशांत ते पूर्ण उघडतं. पूर्ण उघडलं नाही तर तुमच्या घाटातल्या काट्याचं कारण कदाचित इथेच होतं. बसवताना त्यावरचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, खालच्या भोकातून पाणी ओघळल्याची खूण असेल तर तीही आत्ताच बदला.

भरताना नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. पहिला रेडिएटर ज्या क्षारांनी बुजला ते तिथूनच आले. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. साधारण पाच लिटर लागेल असं धरा. हिरवं आणि लाल एकत्र करू नका. जुनं नक्की काय होतं ते माहीत नसेल तर आधी साध्या पाण्याने ब्लॉक स्वच्छ होईपर्यंत धुऊन काढा.

सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात त्या हवा अडकल्यामुळे. गाडी चढावर, तोंड वर करून लावा, म्हणजे रेडिएटरची टोपी सगळ्यात उंच येते. टोपी उघडी, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन आयडलला. सावकाश भरत राहा, वरचा होज अधूनमधून हाताने दाबा, बुडबुडे येतील. दहा-पंधरा मिनिटांनी तो होज एकदम गरम लागेल, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी झपकन खाली जाईल. भरा, टोपी लावा, एक फेरी मारून या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना टोपी उघडून पातळी बघा, बाटली खुणेपर्यंत भरा, आणि सगळ्या क्लिपांना अर्धा-पाव आटा द्या. गरम-गार झाल्यावर नवं रबर थोडं बसतं. मग जा ताम्हिणीला, पण पहिल्या वेळी सोबत दोन लिटर मिश्रण आणि दोन जादा क्लिपा घेऊन जा.