हिपॅटायटिस बी ‘इनॲक्टिव्ह’ आहे, वय पंचविशीचं. तरी लिव्हर खराब होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण विषाणू खरोखरच इनॲक्टिव्ह, म्हणजे शांत असेल तर शक्यता कमी. गोची त्या ‘खरोखरच’मध्ये आहे. एकदा एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का हे दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून हा शिक्का मारता येत नाही. एचबीईएजी (विषाणू जोरात वाढत असताना रक्तात सापडणारं त्याचं प्रथिन) निगेटिव्ह, विषाणूचा डीएनए २००० आययू प्रति मिलीच्या खाली आणि एसजीपीटी सतत नॉर्मल, हे चित्र वर्षभरात किमान तीनदा तपासून दिसायला हवं.

तरुणांमध्ये आणखी एक घोळ होतो. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेला असेल तर विशी-पंचविशीत एसजीपीटी नॉर्मल आणि डीएनए मात्र कोटींच्या घरात असू शकतो. ती वेगळी अवस्था आहे, तिला इनॲक्टिव्ह म्हणत नाहीत. म्हणून डीएनए तपासणी टाळू नका. काही जणांत रक्त ठीक दिसतं, पण फायब्रोस्कॅनमध्ये (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) लिव्हर कडक झालेलं सापडतं; एकदा तोही करून घ्या.

विषाणूचा अंश लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात टिकून राहतो. केमोथेरपी, रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा जास्त डोसची स्टेरॉइड्स सुरू झाली तर तो उसळू शकतो, कधीकधी जिवावर बेतेल इतका. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरांना हे आधीच सांगा.

दारू, वाढलेलं वजन, हिपॅटायटिस डी (बी असलेल्यांनाच होणारा दुसऱ्या विषाणूचा संसर्ग) यांनी नुकसान वाढतं. ‘लिव्हर टॉनिक’वर पैसे घालवू नका, माझ्या मते तरी. दर सहा ते बारा महिन्यांनी तपासणी, घरात लिव्हर कॅन्सर झाला असेल तर सोनोग्राफीबद्दलही विचारा. आणि घरच्यांची तपासणी, लस राहिली असेल तर तीही.