अपडेटनंतर सर्व्हर उठेना

प्रश्न : ऑफिसातल्या उबुंटू सर्व्हरवर अपडेट झाले. रीस्टार्ट केल्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ असं येऊन मशीन थांबतं. डिस्क गेली का? सगळं नव्याने टाकावं लागेल?

उत्तर : नव्याने काही टाकू नका. डिस्क बहुधा शाबूत आहे. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, चढलं, पण डिस्कचे ड्रायव्हर ज्यात असतात ती इनिटआरडी फाईल त्याला मिळाली नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘/बूट’, अर्थात मशीन सुरू करायच्या फाईलींची जागा, भरणं. इन्स्टॉल करताना एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटायची सोय) किंवा एन्क्रिप्शन निवडलं की ‘/बूट’ हे वेगळं, छोटं पार्टिशन होतं. कर्नलच्या दर अपडेटला तिथे एक कर्नल वाढतं. कर्नलची फाईल लहान असल्याने मावते. तिच्या कित्येक पट मोठी इनिटआरडी मात्र ‘नो स्पेस लेफ्ट’ म्हणून अर्ध्यावर राहते. पुढे ग्रबची, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामची, यादी पुन्हा बनली की हे लंगडं कर्नल तिच्यात सर्वांत वर जाऊन बसतं.

ही यादी दिसावी म्हणून मशीन सुरू होताना, जुन्या पद्धतीचं बायोस असेल तर शिफ्ट दाबून धरा, नव्या पद्धतीचं यूईएफआय असेल तर एस्केप एकदाच दाबा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीच्या क्रमांकाचं कर्नल निवडा. बहुतेकांचं मशीन इथेच उठतं. मग ‘डीएफ -एच /बूट’ने जागा पाहा आणि ‘यूनेम -आर’ने चालू कर्नलचा क्रमांक टिपून ठेवा, त्याला हात लावायचा नाही. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ चाललं तर उत्तम. अर्धवट पॅकेजमुळे अडलं, तर सर्वांत जुन्या कर्नलची एक इनिटआरडी दुसरीकडे हलवून जागा करा आणि ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. शेवटी नव्या क्रमांकासाठी ‘अपडेट-इनिटरामएफएस -सी -के’ आणि मग ‘अपडेट-ग्रब’.

जुनं कर्नल उरलंच नसेल तर लाईव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या उबुंटूवरून, मशीन सुरू करा. ‘व्हीजीचेंज -एवाय’ने एलव्हीएम जागं करा, रूट (डिस्कवरचा मुख्य भाग) ‘/एमएनटी’वर माउंट करा, म्हणजे जोडा, चालू सिस्टमचे डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे फोल्डर त्यात बाइंड करा, मग ‘सीएचरूट’ने आत शिरून जागा करण्यापासूनचे वरचेच टप्पे करा. सगळ्यात जास्त फसगत इथे होते : ‘/एमएनटी/बूट’वर बूट पार्टिशन माउंट करायचं राहतं. नवी इनिटआरडी रूटवरच्या रिकाम्या फोल्डरात लिहिली जाते, एकही एरर येत नाही, आणि रीस्टार्टनंतर तोच पॅनिक. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर ती उघडताना ‘क्रिप्टटॅब’ या एन्क्रिप्टेड डिस्कच्या यादीतलंच नाव द्या, नाहीतर नव्या इनिटआरडीत कुलूप उघडायची सोयच येत नाही.

प्रश्न : आमचं मशीन पॅनिक होत नाही; दीड मिनिट थांबून ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जातं.

उत्तर : ही वेगळी भानगड आहे. ‘एफएसटॅब’मध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, लिहिलेली एखादी डिस्क सापडत नाही, सगळं क्रमाने सुरू करणारं सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट पाहतं. ‘एसडीबी१’सारखी नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याचा, पासवर्ड द्या, ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ करा, ‘बीएलकेआयडी’ने डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक (यूयूआयडी) काढून ‘एफएसटॅब’मधल्या त्या डिस्कच्या ओळीत घाला. बॅकअपची डिस्क असेल तर सोबत ‘नोफेल’ही लिहा, म्हणजे ती नसली तरी मशीन अडत नाही. उबुंटूत रूटचं खातं मुळात बंद असतं, त्यामुळे पासवर्डच विचारला गेला नाही तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडा, कंट्रोल-एक्स दाबा आणि रीमाउंटपासूनचे वरचे टप्पे करा.