एकाच माणसाला इंग्रजीत ‘दे’ (they) म्हणायचं, तर पुढे ‘इज’ की ‘आर’?

दारव्ह्याजवळच्या गावातून तुम्ही परदेशी ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं देता. सॅम नावाच्या एका ग्राहकाच्या सहीखाली ‘दे/देम’ (they/them) लिहिलेलं आहे, म्हणजे आपल्याविषयी लिहिताना ‘ही’ किंवा ‘शी’ऐवजी ‘दे’ वापरा, असं त्या व्यक्तीचं सांगणं आहे. आता इंग्रजीत क्रियापद कोणतं लावायचं, हा तुमचा प्रश्न.

‘आर’च लावायचं. ‘दे आर’, ‘दे वेअर’, ‘दे हॅव’. समोर एकटा माणूस असला तरी आपण ‘यू आर’च म्हणतो, तसंच हे. मात्र नाव आलं की क्रियापद एकवचनी होतं: ‘सॅम इज वेटिंग. दे हॅव ऑलरेडी पेड.’ गडबड इथेच होते. पहिल्या वाक्यातलं ‘इज’ डोक्यात राहतं आणि दुसऱ्यात ‘दे हॅज’ टाइप होतं. ईमेल पाठवण्याआधी प्रत्येक ‘दे’च्या पुढचा शब्द तेवढा पाहून घ्या.

‘दे/देम’ हे दोन पर्याय नाहीत. पहिलं रूप कर्त्याचं, दुसरं कर्माचं. ‘शी/दे’ असं असेल तर मात्र दोन्ही चालतात. ‘स्वतः’ या अर्थी ‘देमसेल्व्ज’ सगळीकडे चालतं, एकट्यासाठी ‘देमसेल्फ’ही आता शब्दकोशांत आहे.

खुद्द सॅमला लिहिताना याची गरजच पडत नाही, तिथे ‘यू’ असतं. गरज पडते ती सॅमविषयी दुसऱ्याला लिहिताना: तिकिटावरची (ग्राहकाच्या तक्रारीच्या संगणकातल्या पानावरची) नोंद, पुढच्या शिफ्टसाठीचा निरोप, टीम लीडला पाठवलेला मेसेज. म्हणून ग्राहकाच्या माहितीत ‘दे/देम’ नोंदवून ठेवा, नाहीतर रात्रपाळीवाला सहकारी ‘ही’ लिहून मोकळा होतो. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’ नको. आपल्याकडे तो आदर असतो, पण सॅमला तो परका वाटेल. ‘डिअर सॅम’ पुरे.

नावावरून अंदाज बांधू नका. निकिता आपल्याकडे मुलगी, रशियात मुलगा. आंद्रेआ इटलीत पुरुष, जर्मनीत बाई. नुसतं ‘किरण’ वाचून परदेशी माणसालाही काही कळत नाही, म्हणून स्वतःच्या सहीखाली ‘शी/हर’ किंवा ‘ही/हिम’ लिहिलंत तर त्यांचीही सोय होते.

हे नवीन खूळ आहे, असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडू नका. कोण ते माहीत नसलेल्या एकट्या माणसासाठी ‘दे’ चौदाव्या शतकापासून लिहिलं जातंय. ‘समवन हॅज लेफ्ट देअर बॅग’ हे वाक्य कोणालाच खटकत नाही. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांत न बसवणाऱ्या ठरावीक व्यक्तीसाठीचा वापर अलीकडचा. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने तो अर्थ 2019 मध्ये घेतला. शाळेच्या जुन्या व्याकरणात ‘एव्हरीवन’नंतर ‘हिज’ शिकवलेलं असतं. परीक्षेत लावलेल्या पुस्तकाप्रमाणे लिहा, कामात ‘देअर’ लिहा.

आपली एक खास चूक. मराठीत आदराने ‘सरपंच आले, ते बसले’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही साहेबांसाठी ‘दे’ येतं. इंग्रजीत ‘दे’ने आदर होत नाही, वाचणाऱ्याला चार माणसं आल्यासारखं वाटतं. सॅम आणि व्यापारी एकाच वाक्यात असतील, तर ‘दे’ कोणासाठी हे कळत नाही. तिथे नाव पुन्हा लिहा. कधी चुकून ‘ही’ गेलं, तर ‘सॉरी, दे’ एवढंच लिहून पुढे जा. लांबलचक माफीने त्या माणसालाच अवघडल्यासारखं होतं.

टीम लीडशी सॅमविषयी मराठीत बोलताना ‘आले की आल्या’ असं अडतं. तेव्हा ‘सॅम यांनी पैसे भरले’, ‘सॅम उद्या कळवतील’, ‘सॅम रोज विचारतात’ अशी वाक्यं करा. या रूपांत पुरुष की बाई हे येतच नाही. अडचण मुख्यतः ‘आले’, ‘बोलले’ अशा भूतकाळात, तिथे ‘सॅम यांचा फोन आला’ म्हणा.