‘कर्ता’ म्हणजे काम करणारा की सही करणारा?

तुमचा प्रश्न असा: वडील वारले, एकत्र कुटुंबाच्या बँक खात्याला नवा ‘कर्ता’ द्यायचा आहे. घरात आई, थोरल्या तुम्ही आणि धाकटा भाऊ. बँकेने सही भावाची मागितली. शाळेत तर ‘क्रिया करणारा तो कर्ता’ असं शिकवलं आणि घरातलं सगळं आई करते. मग व्याकरणातला कर्ता आणि कायद्यातला कर्ता हे दोन वेगळे शब्द आहेत का?

मी वाटपाच्या दाव्यांत वकिली करतो. हा प्रश्न माझ्यासमोर बऱ्याचदा आला आहे, बहुतेक वेळा एखाद्या बाईनेच विचारलेला. माझं मत असं की शब्द एकच आहे. आपल्याला शाळेत मिळालेली व्याख्या मात्र अपुरी आहे.

पाणिनीचं सूत्र आहे ‘स्वतन्त्रः कर्ता’. त्यात ‘करणारा’ असं कुठेच नाही. क्रिया घडायला बरंच काही लागतं. स्वयंपाकाला चूल लागते, सरपण लागतं, पातेलं लागतं. त्यात ज्याच्या हाती सूत्रं आहेत, बाकीचे ज्याच्यावर अवलंबून आहेत, तो कर्ता. आणि हे स्वातंत्र्य कोणाला द्यायचं ते बोलणारा ठरवतो. ‘आई कुकरमध्ये डाळ शिजवते’ म्हटलं तर कुकर नुसती जागा, व्याकरणाच्या भाषेत अधिकरण. ‘हा कुकर डाळ लवकर शिजवतो’ म्हटलं की तोच कुकर कर्ता झाला. त्याने जास्त काही केलेलं नाही, आपण त्याला पुढे केलं. पुढच्याच सूत्रात पाणिनी करवून घेणाऱ्यालाही कर्ता म्हणतो. आपला ‘कर्ताकरविता’ आठवा.

मराठीत आणखी एक गंमत आहे. ‘आईने भात केला, आईने भाकरी केली’ इथे क्रियापद आईकडे बघतही नाही, ते भाताच्या आणि भाकरीच्या मागे जातं. तरी कर्ता आईच. दाव्याच्या कागदांत मी हे रोज बघतो. ‘त्याने बांध फोडला’ आणि ‘त्याच्याकडून बांध फुटला’ यांत अख्ख्या खटल्याचं अंतर असतं. आणि ‘नोंद कमी करण्यात आली’ असं सरकारी वाक्य आलं की मी पक्षकाराला पहिला प्रश्न विचारतो, कोणी केली?

आता कायदा. हिंदू एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणजे मिळकतीचा कारभार पाहणारा, सहसा सर्वांत वडीलधारा सहदायाद, म्हणजे ज्याचा हिस्सा जन्मापासूनच आहे असा. बाकीच्यांची संमती असेल तर धाकटाही कर्ता होतो. तो कमावता असायला हवा असं अजिबात नाही. वर्तमानपत्रात ‘घरातला कर्ता मुलगा गेला’ असं येतं तेव्हा अर्थ ‘कमावता’ असतो, तो तिसराच अर्थ. कायद्यातला कर्ता कुटुंबाच्या वतीने सही करतो, दावा लढवतो, कर्ज काढतो. कुटुंबाची गरज किंवा फायदा असेल तर मिळकत विकूही शकतो. म्हणजे पुन्हा ‘स्वतंत्र’ तोच, श्रम कोणाचेही असोत.

गरज असेल तर विकता येतं, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या शेवटच्या अपील न्यायालयाच्या, 1856 च्या ज्या निवाड्यावर उभं आहे, त्यातला गहाणाचा व्यवहार एका आईने केला होता, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाची मिळकत सांभाळताना. पुरुष कर्त्यांनी दीडशे वर्षं जो अधिकार वापरला, त्याचं माप एका बाईच्या कारभारावरून ठरलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे नागपूरच्या तेव्हाच्या उच्च न्यायालयाने आईला कुटुंबाची व्यवस्थापक मानलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये ते नाकारलं: विधवा सहदायाद नाही, म्हणून कर्ता नाही. तुमच्या आईची अडचण आजही हीच आहे, आणि मला ती अन्यायाची वाटते.

तुमचं मात्र तसं नाही. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने तीही अट गेली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच मिळतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. आणि डिसेंबर 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने थोरल्या मुलीला कर्ता मानलं. तेव्हा भाऊ पुरुष आहे एवढ्यावरून त्याची सही मागणं चूक आहे. शब्द पुल्लिंगी दिसतो म्हणूनही अडू नका, ‘सीता गाते’ या वाक्याचा कर्ता सीताच असते. आई आणि भाऊ यांचं संमतिपत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि तुमचा अर्ज एकत्र द्या. नकार आला तर तो लेखी मागा.

गावी जमीन असेल तर सातबारा आजच काढून बघा. वडिलांच्या किंवा काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असेल, तर ते ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’, म्हणजे हाच कर्ता. जुन्या काळी थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असं लावत. तो गेला की फक्त त्याच्याच मुलांची नावं चढतात आणि बाकीच्या भावंडांची घरं कागदावरून नाहीशी होतात. माझ्याकडचे कितीतरी दावे या तीन अक्षरांतून उभे राहिले आहेत. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या आणि त्यात आईचं नाव विसरू नका. कर्ता होता येत नसलं तरी वडिलांच्या हिश्शात ती तुमच्याइतकीच वारस आहे.