चंद्र आठवा आहे म्हणून मुलाखतीची तारीख बदलावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रास मेष, नक्षत्र अश्विनी. येत्या बुधवारी दुपारी हिंजवडीत मुलाखतीची शेवटची फेरी आहे. रविवारच्या पुरवणीत छापून आलंय की आठवड्याच्या मध्यावर चंद्र आठवा, म्हणजे तुमच्या राशीपासून आठव्या राशीत, महत्त्वाची कामं टाळा. त्यात साडेसाती चालू, म्हणून आई म्हणते तारीख पुढे ढकलून घे. ग्रहांच्या हालचालीने आठवडा खरंच बदलतो का, हे तुम्हाला विचारायचंय.

तारीख बदलू नका. पण एवढ्यावर थांबलो तर तुमच्या आईचं समाधान होणार नाही, आणि त्यांची काळजी झटकून टाकण्यासारखी नाही. म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या घरी आजोबा पंचांग बघायचे, गोचराचं, म्हणजे ग्रहांच्या राशीभ्रमणाचं, गणित मी त्यांच्याकडूनच शिकलो. आजही दरवर्षी अप्पा बळवंत चौकातून नवं पंचांग आणतो आणि वाचतो. त्यामुळे हे बाहेरून बोललेलं नाही.

आधी एक साधी गोष्ट बघा: आठवड्याभरात आकाशात हलतं कोण? शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. म्हणजे सरासरी दिवसाला दोन कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला), आठवड्याला चौदा कला. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण तीस कलांएवढा रुंद दिसतो, त्याच्या निम्मंसुद्धा अंतर शनी आठवड्यात तोडत नाही. साडेसाती म्हणजे शनी आपल्या राशीच्या मागच्या, आपल्या आणि पुढच्या राशीत असतो तो काळ; तुमची २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला तेव्हा सुरू झाली. कुंभ, मीन आणि मेष अशा तीन राशींना ती एकदमच चालू आहे. कुठल्याही क्षणी बारातल्या तीन राशी साडेसातीत असतातच, म्हणजे ढोबळ हिशेबाने प्रत्येक चौथा माणूस. साडेसातीबद्दल कोणाचं काहीही मत असो, ती मंगळवार आणि बुधवारात फरक करू शकत नाही. दोन्ही दिवशी शनी जवळपास त्याच जागी असतो.

गुरू वर्षाला एक रास ओलांडतो, राहू-केतू दीड वर्षाला. रवी महिन्याला एक. मंगळाला सहसा दीड महिना लागतो. बुध चपळ खरा, पण त्यालाही एका राशीत बहुतेकदा तीनेक आठवडे जातात. उरला चंद्र. तो दिवसाला सुमारे तेरा अंश जातो, सव्वादोन दिवसांत रास बदलतो आणि सत्तावीस दिवस आठ तासांच्या आसपास सगळं राशिचक्र फिरून येतो. साप्ताहिक भविष्यात ‘सुरुवातीला’, ‘मध्यावर’, ‘शेवटी’ असे तीन तुकडे असतात, ते यामुळेच. एका आठवड्यात चंद्र तीन राशींतून जातो आणि सांगण्याजोगं वेगळं तेवढंच घडतं.

आता तुमच्या आठव्या चंद्राकडे येऊ. मेषेपासून आठवी रास वृश्चिक. तिथे चंद्र नीचेचा, म्हणजे सगळ्यात दुबळा, मानतात, म्हणून तुमच्या आईला दुप्पट धास्ती वाटली असणार. पण हा चंद्र मेषेच्या प्रत्येक माणसाला प्रत्येक फेरीत आठवा येतो, सव्वादोन दिवसांसाठी. वर्षाचा हिशेब मांडला तर तीसेक दिवस होतात. चौथा आणि बारावा चंद्रही वर्ज्य धरला, आणि बरेच जण धरतात, तर वर्षातले तीन महिने महत्त्वाच्या कामांना बंद. एवढे दिवस सोडून नोकरी, घर, दवाखाना हे सगळं कोणाला जमलंय? मेषेची माणसं त्या दिवसांतही नोकरीला लागली आहेत, त्यांची लग्नं ठरली आहेत, त्यांनी घरं घेतली आहेत. बुधवारी त्या फेरीला पन्नास जण येणार असतील तर त्यांतले चारेक मेषेचेच निघतील. त्या चौघांचा दिवस सारखा जाईल असं तुम्हाला वाटतं का?

पुरवणीत जे कधीच येत नाही तेही सांगतो. शास्त्रात नुसतं चंद्रबळ, म्हणजे आपल्या राशीपासून चंद्र कितवा, एवढंच बघत नाहीत, ताराबळही बघतात. आपल्या जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊ-नऊचे गट पाडायचे. गटातल्या प्रत्येक जागेला ‘तारा’ म्हणतात. मी पंचांग उघडून पाहिलं. मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास चंद्र वृश्चिकेत येतो, त्याच रात्रीपासून बुधवारी रात्री आठपर्यंत अनुराधा आहे. अश्विनीपासून अनुराधा सतरावं. सतरातून नऊ वजा केले की उरतात आठ, आणि आठवी तारा ‘मैत्र’, म्हणजे शुभ. तुमच्या शेजारी मेषेचाच पण भरणी नक्षत्राचा उमेदवार बसला असेल तर त्याला तीच अनुराधा सोळावी येते, उरतात सात, आणि सातवी तारा ‘वध’. रास एक, दिवस एक, पुरवणीतलं भविष्यही एक, पण शास्त्राच्या आतल्या नियमाने दोन टोकांचे निकाल. शिवाय शुक्ल पक्षात चंद्रबळ बघावं आणि वद्य पक्षात ताराबळ, असा जुना संकेत आहे. तुमचा बुधवार वद्य पक्षातला आहे. म्हणजे परंपरेनेच मोजायचं तर तुमचा दिवस चांगला ठरतो. हे आईला वहीवर मांडून दाखवा. नक्षत्रं बोटांवर मोजता येतात, त्या स्वतः पडताळून बघतील.

अर्थात हे सोयीचं निघालं म्हणून मी ते खरं मानतो असं नाही. उलट यातूनच माझी शंका वाढत गेली. एक नियम अशुभ म्हणतो, दुसरा शुभ, तिसरा सांगतो की यातला कुठला लावायचा. अशाने कुठल्याही दिवसाला हवा तो रंग देता येतो. पुण्यात राहणाऱ्याला तर आणखी एक गोष्ट ठाऊक असते. आपल्याकडे काही घरांत दाते पंचांग असतं, काही घरांत टिळक पंचांग. चित्रा तारा १८० अंशांवर धरून एकाचं राशिचक्र सुरू होतं, तर रेवतीतल्या झीटा पिशियम या ताऱ्यापासून दुसऱ्याचं. दोघांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. काही वर्षी काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतात, त्यामागे हेच कारण असतं. चंद्राला चार अंश जायला सात तास लागतात. म्हणजे मी वर दिलेला मंगळवारचा दुपारचा राशिप्रवेश टिळक पंचांगाने सकाळी सातच्या आसपासच होतो. मंगळवारी सकाळी दहाला कोणा मेषेच्या माणसाची मुलाखत असेल तर एका घरात त्याला चंद्र सातवा, म्हणजे शुभ, आणि दुसऱ्या घरात आठवा. दोन्ही पंचांगांचं गणित चोख आहे, दोन्ही करणारे अभ्यासू आहेत. वाद सुरुवात कुठून करायची याचा आहे, आणि आकाशात तशी रेघ कुठे आखलेली नाही.

मग परिणाम होतो की नाही, हे तपासायचं कसं? तपासून झालंय, आणि तेही याच गावात. २००८ मध्ये जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, कुंडल्या मांडल्या आणि कुठली कोणाची हे लपवून ठेवलं. ५१ ज्योतिषी तयार झाले. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या दिल्या आणि एवढंच विचारलं की मूल हुशार आहे की नाही. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर उत्तरं भरली ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी शंभराच्या आसपासच बरोबर आली असती. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

या चाचणीत गोचर नव्हतं, साप्ताहिक भविष्यही नव्हतं, हे मला मान्य आहे. पण विचार करा. तिथे ज्योतिषांच्या हातात पूर्ण कुंडली होती, लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) होतं, ग्रहांचे अंश होते, आणि प्रश्नही आयुष्यभराच्या गोष्टीचा होता. साप्ताहिक भविष्य लिहिणाऱ्याच्या हातात तुमचं काय आहे? फक्त रास. तुमचं लग्न, दशा, जन्मवेळ यांतलं काहीच नाही. पूर्ण कुंडलीतून जे हाती लागलं नाही ते बाराव्या हिश्श्याच्या माहितीतून लागेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

तरीही भविष्य जुळल्यासारखं वाटतं, हा तुमचा अनुभव असेल आणि तो खोटा नाही. घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. मागच्या रविवारची पुरवणी काढा. बहिणीला किंवा मित्राला बारा राशींची भविष्यं नावं न सांगता, उलटसुलट क्रमाने वाचायला सांगा आणि तुमचा गेला आठवडा ज्यात दिसतो त्यावर बोट ठेवा. बहुतेकांना तीन-चार भविष्यं तरी आपली वाटतात. ‘खर्चावर नियंत्रण ठेवा, जवळच्या व्यक्तीशी मतभेद संभवतात’ हे पुण्यात पगाराच्या तारखेची वाट बघणाऱ्या कुठल्या घरात लागू पडत नाही?

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. शेवटच्या फेरीची तारीख बदलून मागितली तर समोरच्या माणसाला त्यामागचं कारण कळणार नाही, फक्त तुम्ही टाळलंत एवढं दिसेल. आणि ‘आज चंद्र आठवा’ हे डोक्यात घेऊन आत गेलात तर पहिला प्रश्न चुकल्यावर दुसऱ्यात हातपाय गळतील. ते काम चंद्राने केलेलं नसेल, पण नुकसान तुमचंच होईल. ओळखीतल्या मुलांच्या बाबतीत मी हे होताना पाहिलंय आणि फार वाईट वाटतं, कारण तयारी उत्तम असते.

तेव्हा रविवार ते मंगळवार तयारीत घालवा. आईशी वाद घालू नका, वर दिलेलं ताराबळ मोजून दाखवा. त्या राहुकाळ मानत असतील तर बुधवारचा राहुकाळ मध्यान्हापासून पुढचा साधारण दीड तास असतो. पुण्यात मध्यान्ह वर्षाचा बराच काळ साडेबाराच्या आसपास होतं, त्यामुळे दिनदर्शिकेतला बारा ते दीड इथे तंतोतंत लागू होत नाही, अडीचपर्यंत तो सरलेला असतो. तुमची वेळ दुपारी तीनची असेल तर त्यांना हेही सांगता येईल. निघताना त्या हातावर दहीसाखर ठेवतील ती घ्या, आणि हिंजवडीच्या रस्त्यासाठी दीड तास हाताशी ठेवा. बुधवारी उशीर झालाच तर तो वाकडच्या पुलावर होईल.