वाचकांचे प्रश्न : गुडघ्याला विचारून मांडी घाला

प्रश्न : ताई, माझं वय ५२. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे आणि जिना उतरताना डावा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी हलका व्यायाम करा म्हटलंय. सोमवारपासून आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाचा योगवर्ग सुरू होतोय. नाव दिलंय, पण धाकधूक वाटते. मला साधी मांडीही जमत नाही, चारचौघांत हसं तर होणार नाही ना? आणि सकाळचा चहा चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चहाचं आधी सांगते, माझ्या वर्गातही पहिला प्रश्न तोच असतो. साडेपाचला अर्धा कप घ्या, सोबत खारी-बिस्किट नको. कधी संध्याकाळी जायचं झालं तर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच. योग सुरू केला म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही.

सोमवारी दहा मिनिटं आधी जा आणि शिक्षकांना रक्तदाब आणि गुडघा दोन्ही सांगा. शीर्षासन, सर्वांगासन, श्वास कोंडून धरणं, जोरजोरात कपालभाती किंवा भस्त्रिका (झपाट्याने श्वास घेण्या-सोडण्याचे प्रकार) हे तुम्ही करायचं नाही. बाकीचे करत असतील तेव्हा शांत बसून साधा श्वास घ्या. ‘काही होत नाही हो, करा’ असं शिक्षकच म्हणाले, तर तो वर्ग सोडा.

हे पोटतिडकीने लिहितेय, कारण मी सोसलंय. चौतिसाव्या वर्षी एका शिबिरात पश्चिमोत्तानासनात, म्हणजे बसून पाय समोर पसरून, पुढे वाकले होते. शिक्षकांनी मागून पाठीवर भार देऊन मला आणखी खाली दाबलं. मांडीच्या मागचा स्नायू बसायच्या हाडापाशी चर्रकन ओढला गेला. भिडेपोटी मी गप्प राहिले. पुढे आठ महिने स्कूटरवर तिरकी बसत होते. आज कुणाच्या पाठीला हात लावण्याआधी मी विचारते. तुम्हाला कुणी दाबू लागलं, तर मोठ्याने ‘थांबा’ म्हणा.

आता मांडी. मांडी घालताना पाय खुब्यातून बाहेर वळावा लागतो. खुबा आखडलेला असला की तो पीळ गुडघ्यावर येतो, आणि बिजागरीसारख्या या सांध्याला पीळ सोसत नाही. म्हणून सपाट जमिनीवर बसूच नका. जाड चादरीची घडी घाला, तिच्या काठावर बसा आणि गुडघे कमरेच्या खाली येईपर्यंत घडीवर घडी चढवा. माझ्या एका विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी चार चादरी लागल्या होत्या, तीन वर्षांनी आता दोन पुरतात. अधांतरी राहणाऱ्या गुडघ्याखाली उशी सारा. मांडीच्या मागे ताण जाणवला तर चालेल, पण गुडघ्याच्या आत टोचलं की तत्क्षणी पाय मोकळा करा. वज्रासन, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं, सध्या नकोच. त्या वेळी खुर्चीत बसा.

हसं कशाला होईल? पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली सुरू केलेल्या संस्थेत दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या यांच्या आधाराने आसनं शिकवतात, आणि तिथे शिकायला जगभरातून लोक येतात. तुम्ही पट्ट्याच्या जागी जुनी सुती ओढणी न्या.

कपडे सैल, पण पायात घोळणारे नकोत. मोजे काढा. लांब मंगळसूत्र वाकल्यावर थेट तोंडावर येतं, ते घरीच ठेवलेलं बरं. नुसती सतरंजी फरशीवर घसरते, तिच्याखाली न घसरणारी चटई हवी.

आणि शवासनातून ताडकन उठू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना एकदम उठलं की भोवळ येऊ शकते. आधी कुशीवर वळा, हाताने जमीन दाबत उठून बसा, डोळे उघडून आठ-दहा श्वास जाऊ द्या, मग भिंतीला हात लावून उभ्या राहा. तोवर बाकीच्यांनी चटया गुंडाळल्या तरी गुंडाळू देत.